अंगठ्याआडची चिमणी

परवाच्या टपालाने आले ते येणेप्रमाणे. पुस्तक एक, पाटाएवढे मोठे, जाड पुठ्ठ्याचे, माझ्या थोरल्या मुलाने काढलेल्या आपल्या बंदराच्या फोटोंचे, नव्याने छापलेले. प्रकाशक बाईंचे पत्र एक. सहीसाठी छापील कागद एक. प्रदर्शनाचे आमंत्रण एक, सोनेरी कडेचे. पुडक्याला तिकिटे कमी लावली होती, म्हणून दंड मी भरला; त्यात दोन दिवसांचे दूध आले असते. पुस्तकाची किंमत मागच्या पुठ्ठ्यावर आहे, तेवढ्यात धाकट्याच्या होडीला आठवडाभर डिझेल पुरते. हेच पुस्तक पहिल्यांदा निघाले तेव्हा ते आमच्या घराला केवढ्याला पडले, हे मात्र कुठल्याच पुठ्ठ्यावर नाही. ते खाली कलम चारमध्ये आहे.

हे पुडके आले नसते तर हा कागद मी अजून वर्षभर पुढे ढकलला असता. पण बाईंच्या पत्रात माझ्याकडच्या डब्याची मागणी आहे, आणि मी डोळे मिटल्यावर तो डबा कोणाच्या हातात जाईल हे आजच ठरवले पाहिजे.

सबब देवाला साक्षी ठेवून लिहून ठेवते, ती मी, तांडेलांची विधवा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, राहणार धक्क्यामागची गल्ली, सार्वजनिक नळासमोर. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने वाण्याला विचारावे. गेल्याच आठवड्यात त्याच्या बिलातली चूक मी त्याच्याच पेन्सिलीने दुरुस्त करून दिली. गुडघे गेले आहेत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून नादी लावलेले नाही. धाकटी सून मघाशी चहा ठेवून गेली, तिने कागदाकडे वाकूनसुद्धा पाहिले नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही आणि पुन्हा करायची हौस नाही.

कलम १. घर. दोन खोल्या, मागची पडवी, वर पत्रा. घर माझ्या नावावर आहे, कारण हे म्हणायचे, "मी रोज पाण्यावर, माझ्या नावावर काय ठेवायचं? तू जमिनीवर असतेस, तुझ्या नावावर राहू दे." घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. गल्लीत बोलतील की एवढे होऊनही म्हातारीने थोरल्याला निम्मे कसे दिले. दिले, कारण दोघेही माझ्याच पोटचे, आणि रागाच्या भरात वाटण्या करायला मी काही माझी सासू नाही. मात्र धाकटा आणि त्याचे कुटुंब राहतील तोवर थोरल्याने घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही. आणखी एक. पुढच्या खोलीत भिंतीला जाळे टांगून, खाली होडीचे वल्हे ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्याला तिकीट लावून दाखवायचे नाही. बाई मागे एकदा तसे बोलून गेल्या होत्या. "आजी, हे घर म्हणजे जिवंत संग्रहालय आहे हो!" त्या दिवशी पत्रा गळत होता आणि जिवंत संग्रहालय बादल्या ठेवत फिरत होते.

कलम २. पोस्टातील बचत व सोने. बचतीतून माझे अंत्यसंस्कार साधेपणाने करावेत. लाकडे मोजून आणावीत, फुले थोडी. उरेल ते धाकट्या सुनेला. सोन्याची बांगडी एकच आहे, तीही तिलाच. जोड होती. दुसरी थोरल्याच्या पहिल्या कॅमेऱ्यात गेली. मी उतरवून दिली तेव्हा हे म्हणाले होते, "चला, एकटी बांगडी वाजत नाही, घरात शांतता राहील." तेव्हा आम्ही तिघेही हसलो होतो. थोरला सगळ्यांत जास्त.

कलम ३. भांडी व हत्यारे. माझी भांडी सुनेची, एका पातेल्याशिवाय. सुरुवातीला थोरला फोटो धुवायचा ते माझ्या स्वयंपाकघरात. खिडकीला घोंगडी, दाराच्या फटीत चिंध्या, आणि मी बाहेर पायरीवर, पीठ मळलेल्या हातांनी. आतून ओरडायचा, "आई, दार उघडू नकोस गं, सगळं जळेल!" फोटो काही जळले नाहीत, रात्रीचे जेवण तेवढे थंड व्हायचे. त्याने औषधे कालवली त्या पातेल्यात मी पुन्हा अन्न शिजवले नाही. घासून पुसून माळ्यावर ठेवले आहे. ते थोरल्याचे. यांची जाळे विणायची सुई, गळांची पेटी आणि रेनकोट धाकट्याचा. रेनकोटाची उजवी बाही फाटकी आहे, ती शिवू नये. हे तिथूनच हात बाहेर काढून विडी पेटवत.

कलम ४. वर सांगितलेला हिशेब. यात कोणाला काही द्यायचे नाही. पण हा कागद माझ्या पश्चात मुलांची मुले वाचतील, त्यांना काय झाले ते ठाऊक असावे, म्हणून घातले आहे.

तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. कुठे जायचे आणि कुठे थांबायचे ते तो ठरवतो. पाण्यावर पाटी लावता येत नाही, म्हणून तो किनाऱ्याकडे बघून जागा ओळखतो. वीटभट्टीची चिमणी डोंगराच्या खाचेत बरोबर उभी राहिली की एक रेघ मिळाली. दुसऱ्या बाजूला दीपगृहाच्या मागे पाण्याची टाकी लपली की दुसरी. दोन्ही एकाच वेळी जुळतील ती जागा. आमच्या जागेखाली खडक होता, आणि खडकात मासा. पाच घरांना ती जागा माहीत होती. तिथे गळ टाकायचा, जाळे टाकायचे नाही, अंडी धरायच्या दिवसांत फिरकायचे नाही, आणि निशाणी कागदावर कधी उतरवायची नाही, असे पाच घरांचे ठरलेले होते. यांनी थोरल्याला शिकवली तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या पाटीवर डोंगर काढला, चिमणी काढली, दीपगृह काढले. त्याला पाठ झाल्यावर माझ्याच पदराने पाटी पुसली.

पुढे थोरला शहरात फोटोचे शिकला आणि वर्षभर सुट्टी काढून घरी आला. सबंध वर्ष तो कॅमेरा घेऊन बंदरात फिरला. बर्फ फोडणारे, टोपल्या वाहणाऱ्या बायका, लिलावातली भांडणे, रापलेले हात, सगळे काढले. वाईट काढले असे मी म्हणणार नाही. कोळंबी सोलणाऱ्या म्हातारीचा फोटो पाहून तिची सून रडली होती, आणि ती सून सहज रडणाऱ्यांतली नव्हे. मग तो यांच्याबरोबर होडीवर जाऊ लागला.

पहिल्यांदा पुस्तक आले तेव्हा हे जेवून पुढच्या खोलीत बसले होते. एकेक पान उलटत होते. टोपल्यांच्या ढिगावर घोरणारा धाकटा बघून म्हणाले, "हा एवढा एकच फोटो खरा आलाय." आणि पुढच्या पानावर थांबले.

समोरासमोर दोन पाने. डावीकडे हे स्वतः, हात लांब करून अंगठा वर धरलेला, समोर डोंगर, आणि डोंगराच्या खाचेत चिमणी, सुईच्या टोकाइतकी स्पष्ट. उजवीकडे इंजिनाशी धाकटा, आणि त्याच्या डोक्यावरून दीपगृह, मागे टाकी लपलेली. डावीकडच्या फोटोखाली छापले होते, "उगवत्या सूर्याला वंदन करणारा वृद्ध मच्छीमार." देवाधर्माचे या घरात मी एकटी बघते. यांनी सूर्याला कधी हात जोडले नाहीत. उगवला तर उगवला, मावळला तर मावळला. चिमणी खाचेत आली का, हे ते अंगठ्याने झाकून बघत. सूर्य त्यांच्या पाठीमागे होता, हेसुद्धा छापणाऱ्यांना कळले नाही.

यांनी पुस्तक हातभर लांब धरले आणि छापलेल्या चिमणीवर आपला अंगठा ठेवला.

मी विचारले, "काय झालं?"

म्हणाले, "काही नाही. छपाई छान आहे."

त्याच हंगामात दुसऱ्या बंदरांच्या मोठ्या यांत्रिक बोटी थेट आमच्या खडकावर आल्या. त्यांच्याकडे पाण्याखालचे दाखवणारी यंत्रे असतात हे मला ठाऊक आहे. पण दर्या केवढा. कुठे बघायचे ते यंत्र सांगत नाही. ते पुस्तकाने सांगितले. त्यांच्यातला एक बोटवाला बर्फाच्या कारखान्यावर धाकट्याला म्हणाला, "तुझ्या म्हाताऱ्यानं हात वर करून बोलावलं की रे आम्हाला! आमच्या शेठनं ती दोन पानं फाडून केबिनमध्ये चिकटवलीत, देवाच्या फोटोशेजारी." धाकट्याने त्याच्यावर बर्फाचा आकडा उगारला, लोकांनी धरला म्हणून आज तो घरी आहे.

लोखंडी साखळ्या बांधलेली जाळी त्यांनी खडकावरून ओढली. पुढच्या हंगामापर्यंत खाली नुसता चुरा उरला. मग त्या बोटी आल्या तशा निघून गेल्या.

मासा मिळेनासा झाला म्हणून आमची होडी विकली, त्या आठवड्यात थोरला आला होता. पडवीत चौघे बसलो होतो. धाकटा म्हणाला, "दादा, पुढच्या पुस्तकाबरोबर त्यांना डिझेल पण पाठव. बिचारे लांबून येतात."

थोरला म्हणाला, "अरे, ते आज ना उद्या येणारच होते."

हे म्हणाले, "उद्या आले असते तर आजचा दिवस मिळाला असता."

"बाबा, मी सगळं जपून ठेवलंय. शंभर वर्षांनी कोणाला कळायला नको का, इथं काय होतं ते?"

मी म्हटले, "कळू दे की. पण आत्ता इथं जेवायला बसलेत त्यांचं काय, ते पण सांग." मग सरळच विचारले, "फोटो काढताना तुला चिमणी दिसली होती का?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "उजेड फार सुंदर होता, आई."

कलम ५. काटेवाला. लिलावात वजन करणारा, आमच्या पाच घरांतला एक, यांचा लहानपणापासूनचा सोबती. जागा गेल्यावर "तांडेलानं पोराच्या पुस्तकासाठी जागा विकली" हे धक्क्यावर पहिल्यांदा तो बोलला. त्यानंतर कोणी यांच्या शेजारी होडी बांधली नाही. धाकट्याने छोटी होडी घेतली तेव्हा तिला दोरखंड टाकायला खुंटा मिळेना. हे रोज सकाळी धक्क्यावर जाऊन उलट्या टोपलीवर बसत आणि कोणी न बोलता दुपारी घरी येत. हे गेल्यावर काटेवाला दारात आला आणि म्हणाला, "वहिनी, माणूस सोन्यासारखा होता हो." मी म्हटले, "भावजी, हे वजन तुम्ही ते असताना करायचं होतं." माझ्या अंत्ययात्रेला त्याने यावे, मी अडवत नाही. खांदा मात्र देऊ नये. यांच्याकडचा त्याचा पितळी ताजवा माळ्यावर आहे, तो सुनेने त्याला परत करावा आणि पोच घ्यावी.

कलम ६. डबा. हे या कागदाचे मुख्य कलम समजावे.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात थोरल्याच्या न छापलेल्या फिल्मच्या पट्ट्या आहेत. शहरात गेल्यावर त्याने त्या घरी ठेवल्या. बाईंना यापुढच्या वाढीव पुस्तकासाठी त्या हव्या आहेत. त्यांना डब्याचा पत्ता थोरल्यानेच दिला असणार. माझ्याकडे मागायचे धाडस त्याला झाले नाही.

त्या पट्ट्या मी खिडकीशी धरून बघितल्या आहेत. उलट्या काळ्यापांढऱ्या असल्या तरी माझी माणसे मला ओळखता येतात. आणि जमीनही. आणखी एक जागा आहे, लहान, जवळची. धाकट्याचे घर आज त्या जागेवर चालते, काटेवाल्यासकट बाकीच्या चार घरांची चूलही थोडीफार तिच्यावर पेटते. ती कुठे आहे हे मी इथे लिहीत नाही. हा कागद नोंदणीच्या कचेरीत चार माणसे वाचतील. पण डब्यातल्या काही पट्ट्यांवर धाकटा त्याच जागेवर उभा आहे, आणि त्याच्या मागे किनारा स्पष्ट आहे.

तर डबा धाकट्याच्या ताब्यात राहावा. मालकी थोरल्याची आहे, ती मी नाकारत नाही; मेहनत त्याची आहे. त्याने घरी यावे. दोघा भावांनी उजेडाच्या खिडकीशी बसावे आणि एकेक पट्टी बघावी. जिच्यावर मागे किनारा असेल तिच्यावरचा किनारा शिवणाच्या सुईने खरवडून टाकावा. माणसे राहू द्यावीत, होडी राहू द्यावी, पाणी राहू द्यावे. तेवढे झाल्यावर सगळ्या पट्ट्या त्याने खुशाल न्याव्यात, छापाव्यात, प्रदर्शनात टांगाव्यात. मोठ्या माणसांना फोटो अर्धवट वाटला तर सांगावे की आमचेही अर्धेच राहिले आहे.

माझ्या वर्षश्राद्धापर्यंत तो आला नाही, तर धाकट्याने डबा न उघडता, त्याला दगड बांधून, खोल पाण्यात सोडावा. फोटोंचे मला वाईट वाटेल. त्या कोळंबी सोलणाऱ्या म्हातारीच्या हातांचा आणखी एक फोटो त्यात आहे, पुस्तकातल्यापेक्षा चांगला. तरीही सोडावा.

कलम ७. प्रकाशक बाईंचा छापील कागद. यांचा अंगठ्याचा फोटो त्या वाढीव पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर आणि शहरातल्या भिंतींवर लावायला त्यांना माझी सही हवी आहे. फोटोखालची सूर्याची ओळ काढून तिथे "हा तांडेल आपली जागा बघत आहे. ती जागा आता नाही." एवढे छापणार असतील तर सही देते. ओळ लांब झाली असे कळवू नये. सूर्याची ओळही काही आखूड नव्हती. प्रदर्शनाला येणार नाही. आमंत्रणाचा कागद चांगला जाड आहे, डब्याच्या झाकणाखाली घातला आहे.

माझ्या पश्चात घरात यांचा फोटो लावायचा तर तो अंगठ्याचा लावू नये. पाठमोरे बसून जाळे सांधतानाचा आहे तो लावावा.

कलम ८. या सगळ्याची अंमलबजावणी धाकट्या सुनेने करावी. ती माझ्याशी भांडते, पण मोजून घेतलेले मोजून परत ठेवते. दोन्ही मुलांनी तिचे ऐकावे. आईचे ऐकले नाही तेवढे पुरे झाले.

वर लिहिलेले सगळे मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, आणि खाडाखोड दोनच ठिकाणी आहे, तिथे बाजूला सही केली आहे.

लिहून ठेवणार: तांडेलीण (गल्लीत याच नावाने सही चालते)

साक्षीदार: १. शाळेतल्या निवृत्त बाई. मी सही करताना समोर होत्या, चष्मा विसरल्या होत्या, तो आणवून मग सही केली. २. दवाखान्यातले कंपाउंडर, माझे डोके शाबूत असल्याचे त्यांनीही पाहिले, औषधाच्या हिशेबावरून.

स्थळ: पुढची खोली, खिडकीजवळ.
तारीख: पाकिटावर टपालाचा शिक्का पडेल ती.

थोरल्याला या कागदाची नक्कल पाठवताना सोबत चार ओळी:

चिरंजीवास आशीर्वाद. घराचा निम्मा वाटा तुझा आहे आणि तुझ्या उत्तराने तो कमीजास्त होणार नाही, म्हणून मोकळेपणाने उत्तर दे. पडवीत मी तुला चिमणीचे विचारले होते, त्यानंतर पत्रातही विचारले. तू मोठमोठी पत्रे पाठवलीस. त्यांत दस्तऐवज होते, काळ होता, उजेडही होता. हो किंवा नाही तेवढे नव्हते.

हे अंथरुणावर होते तेव्हा शेवटी शेवटी मी यांनाच विचारले, "त्याला दिसलं असेल का हो?" म्हणाले, "पाटीवर मीच शिकवलं त्याला. विसरला असेल, तर माझं शिकवणं वाया गेलं. आठवत असेल, तर पोरगा वाया गेला. कुठलं बरं, ते मला नाही ठरवता आलं. तुला कळलं तर सांग." दुसऱ्या दिवशी गेले.

उत्तर हो असेल, तर खिडकीशी बसून किनारा तुझा तूच ओळखशील आणि सुई तुझ्याच हातात असू दे. नाही असेल, तर धाकटा शेजारी बसून दाखवेल, तू नुसते खरवड. डबा दोन्ही वाटांनी तुला मिळेल. पण मला आधी कळायला हवे. माझे आता फार दिवस नाहीत, आणि तिकडे गेल्यावर हे पहिली गोष्ट हीच विचारतील. मी काय सांगू?

पत्ता लिहून, तिकीट लावून एक कार्ड सोबत ठेवले आहे. त्यावर एकच शब्द लिही. फोटो घालू नकोस. उलट टपाली कळवावे.